फिश टँकमधलं शेवाळ काढायचं, पण मासे सांभाळून

मार्च लागला, ऊन तापलं की ज्याच्या घरी फिश टँक आहे त्याचं एकच विचारणं असते, पाणी हिरवं झालं, काचेवर शेवाळ चढलं, आता यात काय टाकू? काहीच टाकू नका भाऊ. शेवाळानं मासे सहसा मरत नाहीत, ते एका दिवसात साफ करायच्या घाईनं मरतात.

आपल्याकडं विदर्भात संत्र्याच्या झाडाला बोर्डो (बुरशीवरचं मिश्रण) लावायला घरात मोरचूद असतेच, अन् मोरचूदानं शेवाळ मरते हे खरंही आहे. पण मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, दोन फुटी टँकमध्ये एक चिमूटही जास्त होऊ शकते, माशांचे कल्ले खराब होतात अन् गोगलगायी, झिंगे तर वाचतच नाहीत. दुकानात शेवाळ मारायचे जे थेंब मिळतात त्यातल्या काहींत पण कॉपर असते, बाटली वाचूनच घ्या. तुरटी, चुना, ब्लिचिंग, कपडे धुवायची पावडर, यातलं काहीही टँकजवळ नको.

दुसरं असं की औषधानं सगळं शेवाळ एकदम मेलं तर ते पाण्यातच सडते, सडताना ऑक्सिजन खाते अन् अमोनिया सोडते. आपल्याकडं हे जास्त भोवते, काहून की 25 डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो अन् 35 डिग्रीला 7 च्या आसपास, अन् पाणी जितकं गरम अन् जितकं अल्कली तितका तोच अमोनिया माशांना जास्त विषारी. बोअरचं जड पाणी, मे महिन्याची गरमी अन् वरून लाईन गेली की एअर पंप बंद, असं सगळं एकत्र येते अन् पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. हिरव्या पाण्यात तर औषध न टाकताही असं होऊ शकते कारण शेवाळ रात्री स्वतःच ऑक्सिजन ओढते. म्हणून उन्हाळ्यात बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवाच, बाकी काही नंतर घेतलं तरी चालेल.

आता कामाला लागू. आधी शेवाळ कोणतं ते पाहा. नवीन टँकमध्ये काचेवर, रेतीवर तपकिरी थर येतो तो बोटानं पुसला जातो अन् महिना-दोन महिन्यांत बहुतेक आपोआप कमी होतो, त्याच्यासाठी डोकं खराब करू नका. काचेवरचे हिरवे टिपके, झाडांना लागलेले हिरवे धागे अन् पूर्ण हिरवं पाणी हे उजेड अन् खत जास्त झाल्याचं काम. निळसर हिरवा, बुळबुळीत, चादरीसारखा निघणारा अन् वास मारणारा थर असेल तर ते खरं शेवाळ नाही, एक प्रकारचे बॅक्टेरिया आहेत, त्याचं खाली सांगतो.

मग उजेड. टँक खिडकीसमोर किंवा ओसरीत असेल तर आधी तो हलवा नाहीतर त्या बाजूच्या काचेला बाहेरून कागद चिकटवा, बाकी कितीही केलं तरी ऊन पडत राहिलं तर शेवाळ परत येणारच. लाईट दिवसातून 6 ते 8 तास पुरे, त्यातही शेवाळ वाढलेलं असताना 6 च ठेवा. पोट्टे रात्री मासे पाहायला लाईट सुरू करतात अन् तसेच झोपून जातात, तर सरळ टायमर लावून टाका.

खाणं हा यातला सगळ्यात मोठा मुद्दा. घरात जो येतो तो चिमूटभर दाणे टाकून जातो, मासे तर मागतच राहतात, अन् जे खाली पडते ते सडून शेवाळाचं खत होते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, दोन मिनिटांत संपेल तितकंच, अन् टाकायचं काम घरातल्या एकाच माणसाकडं द्या. आठवड्यातून एक दिवस उपास ठेवला तरी चांगल्या तब्येतीच्या मोठ्या माशांना काही होत नाही.

आता पाणी. दर आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये रेती-दगड सोडून 45-50 लिटर पाणी असते, म्हणजे एक साधी बादली काढायची अन् एक टाकायची, इतकंच. पूर्ण टँक रिकामा करून साबणानं घासायची जी पद्धत गावागावात आहे ती बंद करा, त्यानं अमोनिया खाणारे चांगले बॅक्टेरिया जातात अन् मग शेवाळ उलट जोरात येते. फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलक्या हातानं पिळायचा. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकलेलं असते, म्हणून ते पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाका. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी तर चटका देते, पाणी सकाळीच भरून ठेवा. अन् बादली वेगळी ठेवा, कपाशीच्या फवारणीची बादली कितीही धुतली तरी नको, त्या औषधांचा अंशही माशांना पुरतो.

बोअर किंवा विहीर शेताजवळ असेल तर पाण्यातच नायट्रेट असू शकते. वर्धा, यवतमाळ, अमरावती, बुलढाण्याकडं भूजलात ते पिण्याच्या पाण्याच्या लिटरमागे 45 मिलीग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलेलं आहे. अशा वेळी नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण खतच आणून टाकून राहिलो आपण. टेस्ट किट मिळाली तर तपासून घ्या, अन् घरावर पडणारं पावसाचं स्वच्छ पाणी, पहिला पाऊस सोडून, थोडं थोडं मिसळा. मनीप्लांटची फांदी वर ठेवून नुसती मुळं पाण्यात सोडली तर तीही नायट्रेट ओढते, पानं बुडवायची नाहीत. हायड्रिला, वॅलिसनेरिया अशी लवकर वाढणारी झाडं लावा. मी तर म्हणतो औषधाचे पैसे झाडांवरच घाला.

आहे ते शेवाळ हातानं काढा. काचेचा टँक असेल तर जुन्या एटीएम कार्डानं खरवडा, झाडावरचे धागे जुन्या टूथब्रशला गुंडाळून ओढा, फार खराब झालेली पानं कापून टाका. एका दिवशी सगळं नको, आज समोरची काच, चार दिवसांनी दगड. खरवडलं की लगेच पाणी बदला म्हणजे निघालेलं शेवाळ बाहेर जाईल, अन् ते पाणी पपईला, कढीपत्त्याला घाला, झाडांना चांगलं मानवते.

पूर्ण हिरवं पाणी किंवा तो बुळबुळीत थर ऐकतच नसेल तर ब्लॅकआऊट. बुळबुळीत थर आधी पाइपनं जितका निघेल तितका ओढून घ्या, पाणी बदला, मग लाईट बंद करून टँकला चारही बाजूनं जाड चादर किंवा पोतं गुंडाळा, वरून हवा जाऊ द्या. तीन दिवस खाणं नाही, एअर पंप मात्र एक मिनिटही बंद नाही. मधात मासे वर येऊन श्वास घेताना दिसले तर तिथंच थांबवायचं. चौथ्या दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदला. एप्रिल-मेमध्ये, त्यातही लाईनचा भरवसा नसलेल्या गावात, हे करू नका, पाऊस लागेपर्यंत थांबा. हिरव्या पाण्यावर यूव्ही फिल्टर पण चांगला चालतो, पण काचेवरच्या शेवाळाला त्याचा उपयोग नाही.

शेवाळ खाणारे मासे विचारतात सगळे. खारपाण पट्ट्यातल्या खाऱ्या पाण्यात मॉली मजेत राहते अन् शेवाळही चरते, ती ठेवा. दुकानदार जो सकर मासा देतो तो लहान असतानाच काच साफ करतो, नंतर फूट-दीड फूट वाढते अन् घाण जास्त करते, छोट्या टँकमध्ये तो घेऊच नका. अन् आधीच घेतला असेल, आता मावत नसेल, तर दुकानदाराला किंवा मोठा टँक असलेल्याला द्या, वैनगंगेत, गावच्या तलावात, भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत अजिबात सोडू नका, हा बाहेरून आलेला मासा तिथं वाढला तर आपल्या देशी माशांचं खाणं अन् जागा खातो अन् त्याच्या काट्यांनी ढिवर (मासेमार) बांधवांची जाळी फाटतात.