ट्रेकचं ब्लॅडर सुकवायचा घरगुती ड्रायर: या चुका टाळा

पावसाळी ट्रेकहून आल्यावर हायड्रेशन ब्लॅडर (सॅकमध्ये ठेवून नळीने पाणी प्यायची पिशवी) नुसतं उलटं टांगून ठेवलं, की काही दिवसांत नळीत काळे ठिपके दिसू लागतात. म्हणून बरेच जण फिश टँकचा एअर पंप किंवा जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा घेऊन ड्रायर जुळवतात. तो रात्रभर चालवूनही पिशवी ओलीच राहत असेल, तर हवा बाहेर कुठून पडते ते आधी बघा.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. पिशवीच्या तोंडावर पंखा बसवून वरून टेप मारतात आणि नळीच्या टोकाचा बाइट व्हॉल्व्ह (दाताने दाबून पाणी ओढायचं तोंड) तसाच ठेवतात. तो दाबल्याशिवाय उघडत नाही. मग पिशवी फुगते, पण दमट हवा आतच कोंडते. बाइट व्हॉल्व्ह काढून ठेवा आणि पंख्याच्या कडेने बोटभर फट सोडा. आतल्या भिंती एकमेकींना चिकटत असतील तर ताकाची छोटी रवी आत सरकवा. हँगरची तार नको, टोकाने पिशवीला भोक पडतं.

पंख्याची हवा भरपूर असते, पण तिला जोर नसतो. बारीक नळीतून ती जातच नाही. पिशवीसाठी पंखा आणि नळीसाठी पंप, अशी वाटणी करा. पंप पिशवीपेक्षा उंचावर ठेवा, नाहीतर वीज गेली की उरलेलं पाणी नळीवाटे उलटं पंपात शिरतं. १२ व्होल्टचा पंखा मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर जेमतेम फिरतो, कधी फिरतही नाही. लाल वायर प्लस, काळी मायनस.

घाईत हेअर ड्रायर मारू नका, गरम हवेने पिशवीचे जोड सैल पडतात. कोकणात, मुंबईत जुलैची हवाच ओलीचिंब असते, ती कितीही फिरवली तरी काम रेंगाळतं. अशा वेळी पंखा फ्रीजच्या मागची कोमट हवा ओढेल असा ठेवा. बाथरूममध्ये तर मुळीच नको.

इलेक्ट्रॉल किंवा सरबत भरलं असेल तर आधी कोमट पाणी, खायचा सोडा आणि लांब ब्रशने नळी घासा. साखर आत राहिली तर ड्रायर ती तिथेच वाळवतो आणि पुढच्या ओलाव्याला बुरशी हजर.

दर शनिवार-रविवारी गडावर जाणाऱ्यांनी मात्र ड्रायरच्या भानगडीत पडूच नये. ब्लॅडर धुऊन, पाणी झटकून फ्रीझरमध्ये टाकावं. तिथे बुरशी वाढत नाही.