कलमं पाठ, तरी बाई रिकाम्या हाती परत: सोबतीण ताई तयार करताना या चुका टाळा

नागपूरच्या वस्त्यांमध्ये मी ज्या बायकांना शिकवते, त्यांतल्या बहुतेकींनी घरातला मार स्वतः सोसलेला आहे. त्यातून निघाल्यावर दुसरीच्या पाठीशी उभं राहायचं त्यांनी ठरवलं. आम्ही त्यांना सोबतीण ताई म्हणतो. वकील कोर्टात भेटतो, पोलीस ठाण्यात भेटतात. सोबतीण नळावर भेटते, रेशनच्या रांगेत भेटते, बचत गटाच्या बैठकीत भेटते. म्हणून बाई पहिल्यांदा तोंड उघडते ते तिच्याजवळ. त्या पहिल्या अर्ध्या तासात चुकीचं काही सांगितलं गेलं, तर ती बाई पुन्हा कोणाकडे जाईलच असं नाही. या अर्ध्या तासात होणाऱ्या चुका मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच प्रशिक्षणात पेरल्या गेल्या होत्या, म्हणजे माझ्याच हातून.

फळ्यावर कलमं लिहून सुरुवात करू नका

पहिल्या तुकडीला मी दोन दिवस कलमं शिकवली. शेवटी परीक्षा घेतली, सगळ्या पास झाल्या. पंधरा दिवसांनी त्यातलीच एक सांगत आली, की शेजारची बाई तिच्याकडे रडत आली होती, हिने तिला "498 टाक" म्हटलं (बायकोला क्रूरतेने वागवल्याचं फौजदारी कलम, त्यात नवऱ्याला अटक होऊ शकते), आणि आता ती बाई हिच्या दारावरून जायचंही टाळते. त्या बाईचं म्हणणं इतकंच होतं, "ताई, मले त्याले जेलात नाही टाकाचं. लेकराचा बाप आहे तो. फक्त हात उचलणं बंद झालं पाह्यजे." याला काय सांगायचं ते सोबतिणीला माहीत नव्हतं, कारण मी ते शिकवलंच नव्हतं.

खरं तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अशाच बाईसाठी आहे. 26 ऑक्टोबर 2006 पासून तो लागू आहे. त्यात पहिल्याच पावलाला अटक नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ती संरक्षणाचा आदेश मागू शकते, म्हणजे नवऱ्याने मारू नये, ती काम करते तिथे येऊन तमाशा करू नये. राहत्या घरातून काढू नये असा आदेश, खर्चाला पैसे, लेकरांचा तात्पुरता ताबा, झालेल्या त्रासाची भरपाई, हेही त्याच अर्जात मागता येतं. निकड असेल तर समोरच्याचं ऐकण्याआधी अंतरिम आदेशही होऊ शकतो. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. मुलगा मारतो अशी आई, भाऊ छळतो अशी बहीण, लग्नाशिवाय नवरा-बायकोसारखी राहणारी बाई, यांनाही तो लागू होतो. धर्म कोणताही असो.

दुसरी वाट फौजदारी. लोकांच्या तोंडी अजून 498 च आहे, पण 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम 85 झालं आणि क्रूरतेची व्याख्या 86 मध्ये गेली. त्या तारखेआधीच्या घटनांना जुनंच कलम लागतं. कागदावर जुना आकडा दिसला म्हणून सोबतिणीने गोंधळू नये. तिसरी वाट पोटगीची: पूर्वीचं कलम 125, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 144. एका वाटेने गेलं म्हणून दुसरी बंद होत नाही. फक्त एका प्रकरणात मिळालेली पोटगी दुसऱ्यात हिशेबात धरली जाते, हे आधीच सांगून ठेवावं.

आता मी प्रशिक्षण सुरू करते ते बायका विचारतात त्या प्रश्नांनी. आज रात्री कुठे झोपू? लेकरं हिसकावून घेतील का? घर सासूच्या नावावर आहे, मला काढतील? वकिलाला पैसे कुठून आणू? सोबतिणींनी एकेका प्रश्नाचं उत्तर घरच्या भाषेत तयार करायचं, कलमाचा आकडा सगळ्यात शेवटी. घराचं उत्तर असं: मालकी कोणाचीही असो, ज्या घरात ती संसार करत आली तिथे राहण्याचा हक्क कायदा मानतो, आणि सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं. मात्र हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. हे दुसरं वाक्य गाळलं की पुढे बाईची फसगत होते. वकिलाचं उत्तर आणखी सोपं: 1987 च्या विधी सेवा कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. नागपुरात त्यासाठी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, नाहीतर 15100 वर फोन करायचा.

"माझं बघ, मी असं केलं"

सोबतिणीची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे तिने स्वतः भोगलेलं आहे. तिची सर्वात अवघड चूक तिथूनच येते. जिने गुन्हा नोंदवून सुटका करून घेतली, तिला प्रत्येकीने ठाण्यात जावं असं वाटतं. जिला कोर्टात सहा वर्षं चकरा माराव्या लागल्या, ती प्रत्येकीला "कोर्टाच्या नादी लागू नको" सांगते. दोघीही मनापासून बोलत असतात, पण समोरच्या बाईचा नवरा वेगळा, घर वेगळं, माहेर वेगळं.

यावर मी एक सराव घेते. दोघी-दोघी बसतात. एक बाई होते, दुसरी सोबतीण. पहिली दहा मिनिटं सोबतिणीने स्वतःबद्दल एक शब्द बोलायचा नाही. फक्त ऐकायचं आणि विचारायचं: "तुला आत्ता सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?" "काय झालं तर तुला बरं वाटेल?" मग निदान दोन वाटा मांडायच्या, प्रत्येकीचा फायदा आणि धोका दोन्ही सांगायचे, आणि थांबायचं. बायकांना हे थांबणं फार जड जातं. एक ताई तर उठून उभी राहिली, म्हणाली, "मॅडम, तिले मरू द्यू का?" तिची तळमळ खोटी नव्हती. त्या दिवशी पुढचा सगळा वेळ आम्ही त्याच प्रश्नावर बोललो. जिवाला धोका असेल तर 112 फिरवायचाच, तिथे वाटा मांडत बसायचं नाही. पण धोका टळल्यावर निर्णय पुन्हा तिचाच. ती परत नवऱ्याकडे गेली, तरी सोबतिणीने तोंड फिरवायचं नाही.

"तू केस जिंकशील", "इतकी पोटगी मिळेल" हे तर कधीच बोलू नये. माहिती देणं सोबतिणीचं काम, कायदेशीर सल्ला देणं वकिलाचं. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त वेळ जातो. 60 चा आकडा ऐकून दिवस मोजत बसलेली बाई एकसष्टाव्या दिवशी खचते.

"आजच बॅग भर"

घर सोडायचा काळ हा पुष्कळदा सर्वात धोक्याचा असतो, म्हणून हे सांगायची घाई नको. आधी तयारी: आधार, रेशनकार्ड, लग्नाचा पुरावा, लेकरांचे दाखले, बँकेचं पासबुक यांच्या प्रती भरवशाच्या माणसाकडे. निघायचंच ठरलं तर कुठे, कशी, कोणासोबत. तात्पुरता आसरा, दवाखाना, समुपदेशन हे सरकारच्या सखी केंद्रातून जोडून मिळतं, त्यासाठी 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करायचा. माहेरी काटोलला गेली तर नागपूरला येऊनच अर्ज करावा लागतो असंही नाही. ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज चालतो.

ठाण्यात आणि दवाखान्यात अडतं तेव्हा

सोबतिणी सर्वात जास्त फोन करतात ते इथून. "ताई, एनसी लिहून घरी पाठवलं." एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, एफआयआर नव्हे; एनसीवर पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करत नाहीत. हा फरक बाईला तिथे उभं असतानाच कळला पाहिजे. वैवाहिक तक्रारीत एफआयआरआधी पोलिसांना प्राथमिक चौकशी करता येते, म्हणून त्याच क्षणी भांडण काढण्यात अर्थ नाही. तक्रार लेखी द्या, तारखेसह पोच घ्या. काहीच झालं नाही तर शहरात पोलीस उपायुक्त किंवा आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात अधीक्षकांकडे लेखी पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर. एफआयआरची प्रत फुकट मिळते. सही करण्याआधी जबाब पूर्ण वाचून घ्यायचा, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचायला लावायचा. मी पाहिलेल्या एका जबाबात "रोज मारतो" याचं "किरकोळ वाद" झालं होतं, आणि बाईने त्याखाली अंगठा दिला होता.

शहर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशन होतं. तिथे गेलं म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही, हे प्रत्येकीला सांगा. 2005 च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे काय काय घडलं त्याची नोंद, भरला तर त्याची प्रत पोलीस ठाण्यालाही जाते, हेही आधीच सांगा. नंतर कळलं तर बाईला दगा झाल्यासारखं वाटतं.

दवाखान्याचं तर कोणी शिकवतच नाही. मेयोला किंवा मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत, नेलेली बाई सासूसमोर "पाय घसरला" सांगते आणि तेच कागदावर उतरतं. दोन वर्षांनी तोच कागद तिच्याविरुद्ध वाचला जातो. डॉक्टरांशी ती एकटी बोलेल असं सोबतिणीने पाहावं. कोणी, कशाने मारलं ते नोंदवायला सांगावं. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्याची नोंद, झाली की तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवरची फारकत

ही चूक आपल्याकडे घरोघरी आहे. चार पंच बसतात, नोटरीचा शिक्का लागतो, "आता तू मोकळी" म्हणतात. हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नात घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्याने होतो. सिद्ध झालेल्या रूढीचा अपवाद आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. इंदोऱ्यातल्या एका बैठकीत बायका म्हणाल्या, "आम्ही बौद्ध, आम्हाले तो कायदा नाही लागत." लागतो. 1955 चा तो कायदा बौद्ध, जैन आणि शीख लग्नांनाही आहे.

अशा कागदाचा खरा धोका त्यातल्या दुसऱ्या ओळीत असतो: "पोटगीवर हक्क राहणार नाही", "दागिने मिळाले". दागिने मिळालेले नसतात. त्या कागदाने लग्न मोडत नाही, पण सही तिची असते आणि पुढे तीच तिच्यासमोर धरली जाते. सोबतिणीने एकच आग्रह धरावा: वकिलाला दाखवल्याशिवाय कोणत्याही कागदावर, कोऱ्या तर नाहीच नाही, सही किंवा अंगठा नको. आधीच झाली असेल तर घाबरवू नका, तो कागद घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जा.

गुपित आणि मोबाइल

"कोणाला सांगणार नाही" असं सरसकट वचन देऊ नका. मुलगी 18 च्या आतली असेल आणि लैंगिक अत्याचार असेल, तर पॉक्सो कायद्याने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे बोलणं सुरू होतानाच सांगावं. बाकी सगळं मात्र पोटात. जखमांचे फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकलेले मी पाहिले आहेत. मदत मागायलाच टाकले होते, पण संध्याकाळपर्यंत ते भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, फोनवर पोचले. धमकीचे मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्यावेत, नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ पुसू नये. आणि तिला आपणहून फोन करण्याआधी, कोणत्या वेळी करू आणि दुसऱ्याने उचलला तर काय सांगू, हे विचारून ठेवावं.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी आता हॉल नसतो. सगळ्यांना सिव्हिल लाइन्सला नेते. विधी सेवा प्राधिकरणाचं दार कुठलं, अर्ज कोण घेतं, सकाळी किती वाजता गर्दी कमी असते, हे त्या स्वतः पाहतात. तिथल्याच बाकावर बसून प्रत्येकजण आपल्या फोनवरून 15100 लावून बघते. त्यानंतर महिन्यातून एकदा आम्ही भेटतो, कारण दुसरीचं ऐकताना स्वतःचं जुनं वर येतं आणि रात्र रात्र झोप लागत नाही. त्या बैठकीत कायद्याचा विषय काढायचा नाही असं ठरलेलं आहे. चहा होतो, कोणी रडतं, आणि जिला थोडे दिवस थांबायचं असेल तिच्याकडची बाई दुसरी सोबतीण सांभाळते.