गोव्यात छोट्या शिडाच्या बोटीचा इन्शुरन्स आणि टोइंग: पॉलिसी घेताना काय बघायचं

सोळा ते पंचवीस फुटी शिडाची बोट घेतली की माणूस एजंटला पहिला प्रश्न विचारतो, प्रीमियम किती? तो प्रश्न शेवटी ठेवा. आधी कुठे, कधी आणि कोण एवढं बघा, म्हणजे पॉलिसी बोट कुठल्या पाण्यात चालवू देते, कुठल्या महिन्यांत आणि सुकाणूवर कोण असलेलं चालतं.

ही गाडीची पॉलिसी नाही हे पक्कं समजून घ्या. हा मरीन हलचा, म्हणजे बोटीच्या विम्याचा प्रकार, याला 1963 चा मरीन इन्शुरन्स अ‍ॅक्ट लागतो, आणि यात वॉरंटी म्हणून घातलेली अट मोडली की त्या क्षणापासून कंपनी मोकळी, मग नुकसानीचा त्या अटीशी संबंध असो वा नसो. त्यामुळे म्हापशाच्या ओळखीच्या एजंटाने जन्मभर कार आणि मेडिक्लेमच केले असतील तर त्याला चहा पाजा, पण बोलणी कंपनीच्या मरीनवाल्यांशीच करा, आणि माहितीपत्रक नको, पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग द्या म्हणून सांगा. यॉटसाठी 1985 चे इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस, म्हणजे विम्याच्या तयार छापील अटी, बऱ्याच ठिकाणी वापरतात, ते आहेत का विचारा.

कुठे, तर हद्द. "मांडवी, झुआरी व बंदर हद्द" एवढंच लिहिलं असेल आणि तुम्ही डिसेंबरात मस्त वारा बघून मालवणला निघालात तर वाटेत जे होईल ते तुमच्या खिशातून. जायचं असेल तर निघायच्या आधी ईमेल टाकून हद्द वाढवून घ्या, फोनवरचं "हो हो जावा" उपयोगाचं नाही.

कधी, हा गोव्यात सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पॉलिसीत बोट पाण्यात असण्याचे महिने आणि वर काढून ठेवायचे महिने वेगळे असतात. समजा 1 जूनला बोट वर हवी असं लिहिलंय आणि क्रेनवाला मिळाला नाही म्हणून ती 3 जूनला नांगरावरच राहिली, तर त्या दोन दिवसांत झालेलं नुकसान मागायची सोय नाही. तसंही जूनची वाट बघू नका, तौक्ते चक्रीवादळ 2021 मध्ये 15-16 मेलाच गोव्याला झोडपून गेलं होतं. वर काढल्यावर डोलकाठी उतरवा, बोट बांधून घाला, आणि माडाखाली तर अजिबात ठेवू नका, नारळ डेकवर पडला तर फायबरला तडा जातो आणि तो तडा पुढच्या सीझनला पाणी घेतो. ट्रेलरवरून रस्त्याने नेताना कव्हर आहे का हे वेगळं विचारा, ते बऱ्याचदा नसतं.

कोण, तर खाजगी पॉलिसीवर पैसे घेऊन टुरिस्ट फिरवू नका. एकदाच, मित्राच्या हॉटेलातले गेस्ट होते, असलं काही चालत नाही.

आता बारीक अक्षरातलं. त्या यॉट क्लॉजेसमध्ये वर चढवलेलं शीड नुसत्या वाऱ्याने फाटलं तर पैसे मिळत नाहीत, डोलकाठी मोडून फाटलं तर मिळतात. आउटबोर्ड, म्हणजे मागे लावायचं इंजिन, निसटून पाण्यात पडला तर नाही, चोरीला गेला तर हो, पण नेहमीच्या क्लॅम्पशिवाय वेगळं कुलूप लावलेलं हवं. रेसमध्ये शिडं, डोलकाठी आणि दोरखंड बहुतेक वेळा कव्हरबाहेर, ते आत हवे तर रेसिंगची जादा क्लॉज घ्या. जुनी बोट असेल तर किंमत आधीच ठरवून पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर म्हणेल तो भाव.

थर्ड पार्टीत कंजूषी नको. पणजीसमोर कॅसिनो, त्यांची गिऱ्हाइकं ने-आण करणाऱ्या फीडर बोटी, क्रूझ आणि बेतीची फेरीबोट एकाच पाण्यात असतात, तुमची बोट नांगर तोडून त्यांच्यात घुसली तर तुमच्या बोटीच्या किमतीपेक्षा समोरच्याचं बिल मोठं येईल. सोबत बुडालेली बोट उचलायचा खर्च आहे का तेही बघा, कांदोळीला 2000 च्या पावसाळ्यात रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस जहाज दहा वर्षांहून जास्त तिथंच पडून होतं, तेवढं मोठं नाही तरी तुमचा सांगाडा काढायला कोणीतरी पैसे मागणारच.

आणि टोइंग. अमेरिकेत सी टो, बोट यूएस वगैरेंची वर्षाची मेंबरशिप घेतली की फोन करा, बोट येते ओढायला, तसलं इथे गृहीत धरू नका. पॉलिसीत "नुकसान टाळण्यासाठी केलेला वाजवी खर्च" मिळतो, पण नुकसान खरंच समोर दिसत असायला हवं. आग्वादच्या खडकांकडे बोट वाहत चालली असताना ओढून आणलं तर क्लेमला जागा आहे, नुसता वारा पडला आणि पेट्रोल संपलं म्हणून ओढून आणलं तर तो तुमचा खर्च. टोइंगसाठी ठरावीक रकमेचं जादा कव्हर मिळतं का विचारा, नाही म्हणाले तर स्वतःची सोय करा.

सोय म्हणजे मालिम, शापोरा, कुटबण, जिथे तुमची बोट असते तिथल्या दोन ट्रॉलर किंवा होडीवाल्यांशी सीझनच्या आधीच बोलून ठेवा, तासाचा दर ठरवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा ट्रॉलर जेटीला बांधलेले, म्हणून त्या दोन महिन्यांत यांच्यावर भरवसा नाही. जीवाला धोका असेल तर आधी व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल 16 वर किंवा 1554 ला फोन करून कोस्ट गार्डला बोलवा, पण ते माणसं वाचवायला येतात, बोट ओढून आणतीलच असं धरू नका.

ओढायला आलेल्याशी दोरी टाकायच्या आधी रक्कम बोला. ठरलेल्या पैशात ओढलं तर ते टोइंग, न ठरवता बोट धोक्यातून सोडवली तर तो सॅल्व्हेज, म्हणजे बोट वाचवल्याचा मोबदला, मागू शकतो आणि सॅल्व्हेज बोटीच्या किमतीच्या हिशोबाने ठरतं. "आपलीच दोरी द्या म्हणजे सॅल्व्हेज लागत नाही" असं जेटीवर छातीठोक सांगतात, त्याला कायद्यात आधार नाही. तरी आपली लांब नायलॉनची दोरी असलेली बरी, कारण ती ताणते, झटका कमी बसतो. पुढच्या एकाच क्लीटवर, म्हणजे डेकवरच्या दोरी बांधायच्या खुंटीवर, सगळा भार नको, दोन्ही बाजूंच्या क्लीटवरून विभागा आणि डोलकाठीच्या बुंध्याला अडकवा. आणि ओढणाऱ्या बोटीच्या तांडेलाला वेग सांगा. सोळा फूट वॉटरलाइनची (पाण्याच्या पातळीवर मोजलेली लांबी) बोट साडेपाच नॉटच्या वर ओढायची नाही, ट्रॉलरला आठ म्हणजे काहीच नाही पण तुमचं क्लीट डेकसकट उपटून येईल, आणि मग कंपनी विचारणार की ओढताना नीट काळजी घेतली होती का.

होडीवाल्याकडे पावतीबुक नसतं. त्यामुळे पैसे यूपीआयने द्या, आणि साध्या कागदावर तारीख, वेळ, कुठून कुठे ओढलं, किती घेतले आणि त्याच्या बोटीचा रजिस्ट्रेशन नंबर लिहून सही घ्या, फोटो काढा, आणि त्याच दिवशी कंपनीला मेल करा.