सीएसआर शिकवायचा तर वर्गात समितीची बैठक बसवा

एमबीए किंवा एम.कॉम.च्या वर्गात कंपनी कायद्याचे कलम १३५ पाठ होते: ठरावीक आकारापुढच्या कंपनीने सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजोपयोगी कामांवर, म्हणजे सीएसआरवर (कंपनीचे सामाजिक दायित्व) खर्च करायचे. पण हा सीएसआरचा पैसा प्रत्यक्षात कुठे आणि का अडतो ते कळत नाही. ते कळायला विद्यार्थ्याला निर्णयाच्या टेबलाशी बसवावे लागते. मात्र ‘तू कंपनी हो, तू गावकरी हो’ एवढ्यावर सोडले तर वादविवाद स्पर्धा होते, किंवा वीस मिनिटांत सगळे एकमेकांशी सहमत होतात. म्हणून प्रत्येक भूमिकेतल्या माणसाला नोकरीत जो कागद करावा लागतो, तोच त्याच्याकडून सहीनिशी मागा. सही करायची म्हटली की विद्यार्थी नियम वाचतो.

पुढचा आराखडा ४८ जणांच्या वर्गासाठी आहे: आठ-आठ जणांचे सहा गट, तीन आठवडे.

प्रकरण कसे रचावे

चाकण एमआयडीसीतला मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना आणि शेजारचे गाव घ्या. खऱ्या कंपनीचे नाव देऊ नका. नाव दिले की मुले तिचा वार्षिक अहवाल उघडून त्यातले परिच्छेद उतरवतात. बैठकीची तारीख जानेवारीतली ठेवा, म्हणजे ३१ मार्च डोक्यावर राहतो.

आकडे असे द्या: मागच्या तीन वर्षांचा कलम १९८ नुसारचा (कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने मोजलेला, कर वजा करण्याआधीचा) नफा ३६, ४२ आणि ४८ कोटी, करोत्तर नफा २७, ३१ आणि ३५ कोटी. दोन्ही ओळी मुद्दाम एकाच पानावर ठेवा. बरोबर आकडेमोड कलम १९८ च्या नफ्यावर होते: सरासरी ४२ कोटी, तिचे दोन टक्के म्हणजे ८४ लाख. करोत्तर नफा धरणारे ६२ लाखांवर येतात. ही चूक पहिल्याच आठवड्यात पकडा, नाहीतर पुढची सगळी चर्चा चुकीच्या रकमेवर होते. रक्कम ५० लाखांच्या वर असल्याने समिती नेमणे बंधनकारक आहे, हेही त्यांनाच शोधू द्या. प्रशासकीय खर्चाची मर्यादा एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्के, म्हणजे इथे ४ लाख २० हजार.

आठ भूमिका, आठ पाकिटे

समितीत तीन संचालक: अध्यक्षस्थानी स्वतंत्र संचालक, सोबत संचालक असलेला सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) आणि प्लॅन्ट हेड. मत या तिघांनाच. कंपनी सचिव, सीएसआर व्यवस्थापक, एचआर प्रमुख, स्वयंसेवी संस्थेचा समन्वयक आणि गावच्या सरपंच हे निमंत्रित. समिती शिफारस करते आणि मंजुरी संचालक मंडळ देते, हा फरक कंपनी सचिवाने इतिवृत्तात नीट लिहायला हवा.

प्रत्येकाच्या पाकिटात चार गोष्टी घाला: करायच्या कागदाचा नमुना, एक गोष्ट जी सोडता येणार नाही, एक जी सोडता येईल, आणि एक माहिती जी फक्त त्यालाच ठाऊक आहे. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर कोणाला कोणाला काही विचारायची गरजच पडत नाही.

प्लॅन्ट हेडला हवे आहे की सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या दुरुस्तीचे २५ लाख सीएसआरमध्ये बसावेत. गावचा नाला स्वच्छ होणार, मग हे समाजकार्य नाही का, असा त्याचा युक्तिवाद ऐकायला पटतो. पण प्रदूषण रोखणे ही कारखान्याची कायदेशीर जबाबदारीच आहे, आणि वैधानिक कर्तव्याचा खर्च सीएसआर धरता येत नाही. गणेशोत्सवात कंपनीच्या नावाची कमान उभारण्याचा प्रस्तावही त्याच्याच पाकिटात ठेवा. जाहिरातीचा लाभ मिळवणारे प्रायोजकत्व वगळलेले आहे. एचआर प्रमुखाला कामगारांच्या कुटुंबांसाठीच आरोग्य शिबिर घ्यायचे आहे आणि वृक्षारोपणाला गेलेल्या कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा पगार खर्चात मोजायचा आहे. दोन्ही चालत नाही. पहिल्यात लाभ फक्त कर्मचाऱ्यांच्या घरात राहतो, दुसऱ्यात श्रमाचे रुपयांत मोल लावले जाते.

संस्थेच्या समन्वयकाला खरा पेच द्या. त्याची स्थानिक संस्था या गावात आठ वर्षे शाळेचे काम करते, पण तिची सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरची कामे घेण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे करायची नोंदणी) झालेली नाही. सीएसआर व्यवस्थापकाच्या फायलीत दुसरी संस्था आहे: मुंबईची, आयकर सवलतीच्या १२ए, ८०जी नोंदण्या आणि सीएसआर-१ सगळे चोख, फक्त या तालुक्यात कधी पाऊल टाकलेले नाही. १ एप्रिल २०२१ पासून ही नोंदणी नसलेल्या संस्थेमार्फत सीएसआरचे काम करून घेता येत नाही. चांगले गट इथे थांबून विचार करतात: नोंदणी होईपर्यंत कंपनीने काम स्वतः करावे का, की प्रकल्प पुढच्या वर्षी सुरू करावा?

सरपंचाच्या भूमिकेवर जास्त मेहनत घ्या. शहरातल्या वर्गात ही भूमिका हमखास बिघडते. कोणीतरी फेटा बांधतो, बोलीची नक्कल करतो आणि हात जोडून मदत मागतो. हे वर्गात एकदाही चालू देऊ नका. सरपंचाच्या हाती अधिकार द्या: जागा ग्रामपंचायतीची, ठराव ग्रामसभेचा. तिच्या पाकिटात ग्रामपंचायत विकास आराखडा ठेवा. त्यात जलजीवन मिशनची नळयोजना आधीच मंजूर आहे, हे टेबलावर फक्त तिलाच माहीत. आणि ज्या गटात तिला कोणी काही विचारत नाही, तो गट नळयोजना येणाऱ्या गावात आरओ (पाणी शुद्ध करणाऱ्या) प्लॅन्टला मंजुरी देऊन बसतो.

आरओचा प्रस्ताव जवळून

सीएसआर व्यवस्थापकाच्या प्रस्तावात यंत्र, शेड आणि बोअरवेल मिळून १४ लाख रुपये लिहा, आणि पुढे काहीही लिहू नका. वीजबिल कोण भरणार, मेम्ब्रेन (आतली गाळणी) कोण बदलणार, ऑपरेटरचा पगार कुठून, नाकारलेले खारट पाणी कुठे सोडणार: या चार ओळी मुद्दाम गाळलेल्या असाव्यात. असे प्लॅन्ट बंद पडतात ते बहुधा याच चार ओळींवर. सीएफओने त्या विचारल्या तर त्याला पूर्ण गुण द्या. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी सुचवलेल्या डिजिटल फळ्याचेही तसेच. मुख्याध्यापकांचे पत्र जोडा, ज्यात थकलेले वीजबिल आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचे बंद नळ यांचा उल्लेख आहे. शिवाय सीएसआरमधून घेतलेली भांडवली मालमत्ता कंपनीच्या नावे ठेवता येत नाही. इथे ती जिल्हा परिषदेच्या नावे करावी लागेल, ही ओळ इतिवृत्तात आहे का ते पाहा.

बैठक

पहिल्या आठवड्यात ९० मिनिटे कायदा आणि आकडेमोड. दुसऱ्या आठवड्यात पाकिटे वाटा, पाच दिवसांत प्रत्येकाचा मसुदा घ्या आणि बैठकीआधी परत करा. मसुदा नसेल तर बैठकीत जागा नाही. तिसऱ्या आठवड्यात ७५ मिनिटांची बैठक. शिक्षकाने मध्ये बोलायचे नाही, फक्त चिठ्ठी पाठवायची.

चिठ्ठी चाळिसाव्या मिनिटाला द्या: ‘आजची तारीख २५ मार्च. शाळा प्रकल्पासाठी संस्थेला दिलेल्या ५० लाखांपैकी ३० लाखच खर्च झाले. उरलेले महिनाअखेरपर्यंत खर्च होणार नाहीत.’ आता सीएफओची परीक्षा. संस्थेच्या खात्यात पैसे वर्ग केले म्हणजे खर्च झाला असे होत नाही; रक्कम मंजूर कामासाठी वापरली गेल्याचे प्रमाणपत्र त्यालाच द्यायचे आहे. उरलेल्या २० लाखांचे काय, हे प्रकल्प ‘चालू’ (एका वर्षाहून जास्त चालणारा) म्हणून मंजूर झाला होता की नाही यावर ठरते. चालू असेल तर ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या ‘अनस्पेंट सीएसआर’ (न खर्चलेल्या रकमेच्या) खात्यात, आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्च. चालू नसेल तर ३० सप्टेंबरपर्यंत कायद्याच्या परिशिष्ट सातमधल्या एखाद्या (पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या) निधीत, म्हणजे गावच्या हातून गेले. मंडळाने सबळ कारण नोंदवून मुदत वाढवली तर तो चालू प्रकल्प ठरू शकतो; त्यासाठी हातात सहा दिवस आहेत. ज्यांच्या इतिवृत्तात प्रकल्प ‘चालू’ आहे की नाही हा रकाना कोरा राहिला, त्यांची इथे धावपळ होते, आणि हा नियम पुन्हा शिकवावा लागत नाही.

नंतरची चर्चा आणि गुण

बैठक संपल्यावर दहा मिनिटे सुट्टी द्या, गळ्यातली भूमिकेची पट्टी काढायला लावा आणि जागा बदलून बसवा. हे टाळले तर मुले भूमिकेतली भांडणेच पुढे चालवतात. मग ४० मिनिटे चर्चा. सुरुवात सरपंचांपासून करा: तुम्हाला काय विचारले गेले नाही? मग पाकिटे उघडून टेबलावर ठेवा आणि प्रत्येक गटाला एकच शोधायला सांगा, कोणती माहिती खोलीत असूनही निर्णयात आली नाही.

गुण ४० धरा: सहीचा कागद २०, बैठकीतले प्रश्न आणि नोंदी १०, नंतरचे दोन पानी टिपण १०. अभिनयाला शून्य. टिपणात ‘मला खूप शिकायला मिळाले’ छापाची वाक्ये येतात. त्याऐवजी विचारा की तुम्ही कोणत्या ओळीवर सही करायला नकार दिला असता आणि कोणत्या नियमाने. सगळे गुण गटाला एकत्र देऊ नका, कारण कंपनी सचिव झालेला विद्यार्थी बैठकीत गप्प असतो आणि सर्वांत जास्त काम त्याचेच असते.

पुढच्या वर्षी नफ्याचे आकडे, चिठ्ठी आणि सरपंचाच्या पाकिटातली गुप्त माहिती बदला. जुनी पाकिटे वसतिगृहात फिरतातच.