गच्चीवरून दिसणारे विचित्र उजेड ओळखायचे कसे, आणि ऑरोरा, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशातला रंगीत उजेड, बघायचाच असेल तर काय करायचं

खालच्या मजल्यावरच्या काकूंचा संध्याकाळी सातला फोन, "अरे पटकन गच्चीत ये, आकाशातनं रेल्वे चाललीये." मी चप्पल न घालताच वर पळालो, तर खरंच एका रेषेत वीस-पंचवीस ठिपके, सारख्या अंतरावर, आवाज नाही काही नाही, गुपचूप चाललेत, आणि पुढचा ठिपका एका ठराविक जागी पोचला की विझतो, मग त्याच जागी त्याच्या मागचा विझतो. स्टारलिंक. काकूंना सांगितलं की हे इंटरनेटचे सॅटेलाइट आहेत, तर म्हणाल्या, "इंटरनेट तर वायरीतनं येतं ना?" तेव्हापासून सोसायटीत आकाशात काहीही चमकलं की मला फोन येतो, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

पहिली गोष्ट, मोबाईल काढायच्या आधी घड्याळ बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं. सॅटेलाइटला स्वतःचा दिवा नसतो, त्याच्यावर ऊन पडतं म्हणून तो दिसतो, त्यामुळे आपल्याकडे अंधार आणि चारशे-पाचशे किलोमीटर वर अजून ऊन अशी वेळ लागते, म्हणजे सूर्यास्तानंतरचे किंवा सूर्योदयाआधीचे साधारण दोन तास. तो पृथ्वीच्या सावलीत शिरला की मध्येच गायब होतो, काकूंची रेल्वे तशीच विझत होती. आणि ही रेल्वे रॉकेट सोडल्यावर पहिले थोडेच दिवस इतकी गच्च दिसते, नंतर ते सगळे पांगतात आणि वर चढतात.

दुसरी गोष्ट, तो उजेड सरकतोय का, आणि लुकलुकतोय का. लाल-हिरवा लुकलुकला तर विमान. पण इथे एक गोची आहे, पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरणारं विमान सरळ तुमच्याच दिशेने येत असेल तर त्याचा पुढचा दिवा तीन-चार मिनिटं एकाच जागी लटकलेला दिसतो आणि शपथेवर वाटतं की हे काहीतरी वेगळंच आहे. थांबा जरा, वळेल. अजिबात न लुकलुकता एका चालीने जाणारा, शुक्राएवढा झगझगीत ठिपका असेल तर बहुतेक आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, ते साधारण 400 किलोमीटरवरून जातं, दीड तासात पृथ्वीला एक चक्कर मारतं, आणि आपल्या आकाशातून जायला फार तर सहा मिनिटं घेतं. त्याची वेळ आधीच मिळते, हेवन्स अबव्ह नावाची साइट आहे, तिथे गाव पुणे टाकलं की मिनिटासकट यादी येते. घरी पाहुणे आलेले असताना "आता सात वाजून बारा मिनिटांनी बघा" म्हणून दाखवायचं, फार भाव खाता येतो.

अजिबात न सरकणाऱ्यांत दोन जण लोकांना कायम फसवतात. एक शुक्र, पश्चिमेला संध्याकाळी इतका तेजस्वी असतो की लोक त्याला ड्रोन समजतात. आणि दुसरा व्याध, मृग नक्षत्राच्या मागे असतो तो. हिवाळ्यात क्षितिजाजवळ असताना तो लाल, निळा, हिरवा असे रंग बदलत थरथरतो आणि मग "पोलिसांची गाडी आकाशात" असले मेसेज येतात. खालच्या हवेच्या जाड थरातून उजेड येताना मोडतो, बाकी काही नाही. तासाभराने वर चढला की शांत होतो. आणि हो, लग्नसराईत ढगांवर गोल-गोल फिरणारा पांढरा डाग म्हणजे मंगल कार्यालयाचा सर्चलाईट, त्याचा फोन मला करू नका.

तिसरी गोष्ट मोजमाप. हात सरळ लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश, वीत पसरली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण 20-22 अंश. चंद्राभोवती खळं पडलं की अंगठा चंद्रावर ठेवा, करंगळी बरोबर कड्यावर जाते. उंच पातळ ढगांतल्या षटकोनी बर्फाच्या कणांतून उजेड 22 अंशांनी वळतो, म्हणून खळं कायम एवढंच असतं, पुण्यातही आणि नॉर्वेतही. माझी आजी खळं बघून पावसाचा अंदाज सांगायची.

आता उल्का की रॉकेटचा कचरा, हे ओळखायला शिकाच. उल्का एक-दोन सेकंदांत संपते, "ते बघ" म्हणेपर्यंत गेलेली असते. कचरा मात्र रमतगमत जातो, जवळजवळ आडवा, तुकडे होत, मागे शेपट्या सोडत, अर्धा-एक मिनिट सहज. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्याच संध्याकाळी, राज्यातल्या कितीतरी लोकांनी असा पेटता ताफा बघितला, तो चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा टप्पा होता आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात भलीमोठी धातूची रिंग येऊन पडली. त्यामुळे असं काही दिसलं की आधी तुकडे मोजा, सेकंद मोजा, दिशा लक्षात ठेवा. आणि कुठे काही पडलेलं सापडलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा.

माझा सगळ्यात आवडता उजेड मात्र बऱ्याच पुणेकरांनी कधी बघितलेलाच नाही. मे महिन्यात वळवाचे ढग लांब सोलापूरकडे गरजत असतात आणि आपल्याकडे आभाळ मोकळं असतं, अशा रात्री सासवडच्या पुढे एखाद्या माळावर पूर्वेकडे तोंड करून बसा. वीज ढगात चमकते ती वेगळी, पण मोठी वीज जमिनीवर पडली की कधीकधी त्या ढगाच्या खूप वर, 50 ते 90 किलोमीटर उंचीवर, लाल झुंबरासारखं काहीतरी काही मिलिसेकंदांपुरतं पेटतं. याला स्प्राईट म्हणतात. पायलट लोक वर्षानुवर्षं सांगत होते, कुणी ऐकलं नाही, 1989 मध्ये पहिल्यांदा कॅमेऱ्यात सापडलं. वादळ 200 किलोमीटर लांब असेल तर हे क्षितिजापासून साधारण एक वीत वर दिसायला हवं, म्हणून कॅमेरा ढगावर नाही, ढगाच्या वरच्या मोकळ्या आकाशावर लावायचा आणि व्हिडिओ चालू ठेवून डबा खायचा. मी चार रात्री बसलोय, एकदा एका फ्रेममध्ये लालसर पुसट डाग सापडला, तोही दुसऱ्या दिवशी घरी बघताना. वादळ जवळ यायला लागलं तर मात्र सगळं गुंडाळून गाडीत बसा, माळावर ट्रायपॉड हातात घेऊन उभं राहणं म्हणजे विजेला आमंत्रण.

काळोख हवा तर सिंहगडावर जाऊन उपयोग नाही, अख्खं पुणं पायाशी झगमगत असतं. वेल्हे, भोरच्या मागची गावं, किंवा जुन्नरच्या पुढे माळशेजकडे जा. वेल्ह्याहून ईशान्येला पुण्याचा नारिंगी उजेड दिसतो, त्याच्याकडे पाठ करा. कालनिर्णयमध्ये अमावस्या बघा, तिच्या चार-पाच दिवस अलीकडे-पलीकडे चालेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ बहुतेक स्वच्छ असतं, पावसाळा विसरा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एकाने जरी मोबाईलचा टॉर्च लावला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. बॅटरीला लाल जिलेटीन कागद दुहेरी गुंडाळून रबरबँड लावा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. हे सगळं जमलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्यास्तानंतर सव्वा तासाने पश्चिमेला दुधाळ उजेडाचा तिरका सुळका दिसेल, आकाशगंगा नव्हे, ती वेगळी. ग्रह ज्या पातळीत फिरतात तिथल्या धुळीवर पडलेलं ऊन आहे ते. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं की डोंगरामागे एखादं गाव आहे.

आता ऑरोरा. सूर्यावरून सुटलेले भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धडकतात, त्या गडबडीत वेग घेतलेले इलेक्ट्रॉन ध्रुवांकडच्या हवेवर आदळतात, आणि तिथला ऑक्सिजन साधारण शंभर-दीडशे किलोमीटरवर हिरवा आणि दोनशेच्या वर लाल उजेड सोडतो. पुण्यातून दिसेल का, असं प्रत्येक जण विचारतो. प्रामाणिक उत्तर, जवळजवळ नाही. पण "जवळजवळ" म्हणतोय, कारण 4 फेब्रुवारी 1872 च्या चुंबकीय वादळात, म्हणजे सूर्याच्या कणांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवलं तेव्हा, मुंबईतून ऑरोरा दिसल्याची नोंद आहे आणि त्या वेळी मुंबई-एडन तारेवरचे निरोपही तासन्‌तास अडकले होते. त्याआधी सप्टेंबर 1859 च्या वादळात कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकमापकाने चुंबकीय क्षेत्रातली जी घसरण टिपली, ती अजूनही शास्त्रज्ञ उलगडून बघतात. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर, तिच्या विजेने मोजमाप बिघडेल म्हणून, हे काम अलिबागला हलवलं. म्हणजे ऑरोराच्या अभ्यासात आपलं कोकण आहे, फक्त ऑरोरा कोकणात नाही.

भारतातल्या भारतात हवा असेल तर लडाखमधलं हानले. 10 मे 2024 च्या रात्री आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये तिथे उत्तरेच्या क्षितिजावर लाल उजेड टिपला गेला. फक्त लालच, कारण एवढ्या दक्षिणेकडून ऑरोराचा वरचा भागच डोकावतो, खालचा हिरवा क्षितिजाआड राहतो. फोटो बघून उड्या मारू नका, तो रंग कॅमेऱ्याने साठवलेला असतो, डोळ्यांना फिकट राखाडी-गुलाबी धुकं दिसलं तरी नशीब. वादळ कधी येणार हे महिनाभर आधी कुणालाच कळत नाही, सूर्यावर स्फोट झाला की एक ते तीन दिवस हातात असतात, आणि हानले सव्वाचार हजार मीटरवर, लेहला निदान दोन दिवस श्वास बसवल्याशिवाय पुढे जायचं नाही, परवानाही काढायचा. म्हणून माझं मत असं की हानलेला आकाशगंगेसाठी जा, ऑरोरा दिसला तर बोनस. सूर्यावर लक्ष ठेवणारं आपलं आदित्य-एल1 यान 6 जानेवारी 2024 ला जागेवर पोचलंय, त्यातली सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने बनवलीये, हे टूरवाल्यांना सांगा, त्यांना माहीत नसतं.

खात्रीने बघायचा तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो किंवा आइसलँड, सप्टेंबर ते मार्च. टूर बुक करताना एकच प्रश्न विचारा, रात्री किती? आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला दोनच रात्री दिल्या होत्या, दोन्ही रात्री ढग, लाखो रुपये खर्चून त्यांनी हॉटेलचं सूप बघितलं. निदान पाच रात्री हव्यात. चुंबकीय वादळ किती जोरात आहे हे सांगणारा केपी नावाचा आकडा 0 ते 9 असतो, ट्रॉम्सोला 2-3 सुद्धा पुरतो, तिथे खरा शत्रू ढग आहे, त्यामुळे आकड्यापेक्षा ढगांचा नकाशा बघा.

मोबाईलवर प्रो मोड, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) 1600 पासून सुरू, शटर 5 ते 10 सेकंद, फोकस लांबवर, दोन सेकंदांचा टायमर, आणि ट्रायपॉड, हातात धरून काही होत नाही. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, थंडीत ती चाळीस टक्क्यांवरून थेट शून्यावर जाते. आणि उत्तरेला नुसता राखाडी ढगासारखा पट्टा दिसला तर "ढगच आहे" म्हणून आत जाऊ नका, आधी एक फोटो काढा, त्यात हिरवा आला तर बाकीच्यांना उठवा.