जुलैत जर्सीच्या किनाऱ्यावर जाताय? गोमाशीपासून सांभाळा

न्यू जर्सीत ब्रिगँटीनकडे मुलांना घेऊन जाणार असाल तर जुलै शक्यतो टाळा. तिथल्या खाऱ्या दलदलीतली हिरव्या डोळ्यांची गोमाशी तेव्हा ऐन भरात असते. ती डासासारखी सोंड खुपसत नाही, कातडी कापून रक्त चाटते. चावल्याक्षणी कळ मस्तकात जाते. तिचा वेळ भर उन्हाचा, वारा पडला की जास्तच. गडद, हलत्या वस्तूंवर ती झेपावते, म्हणून काळी लेगिंग नको, फिकट आणि सैल कपडे घाला. गाडीची दारं उघडी टाकून सामान काढत बसू नका, तापलेल्या गाडीकडेही ती येते. डासांच्या मलमावर तिच्यासाठी विसंबू नका. ते संध्याकाळी, चिलटं आणि डास निघाले की लावा.