कोळशाच्या रूटवरचे टिपर: नुस्तं किलोमीटर पाहून सर्व्हिसिंग करू नका

वणी, घुग्घुस साईडला जे पोरं टिपरच्या मेंटेनन्सच्या कामाला नवीन लागलेत त्यांच्यासाठी लिहून राहिलो. पहिली गोष्ट, किलोमीटर पाहून सर्व्हिसिंग ठरवू नका भाऊ. खाणीच्या गेटवर, वजनकाट्यावर गाडी चालू इंजिनवर तासन्तास उभी राहते, किलोमीटर सरकत नाही पण इंजिन ऑइल तर खराब होतच राहते. म्हणून प्रत्येक गाडीची वेगळी वही करा, किलोमीटरच्या बाजूले इंजिनचे तास लिहा, कंपनीच्या पुस्तकात दोन्हीची लिमिट दिली असते, जी आधी भरली तिच्यावर ऑइल बदला.

एअर फिल्टर लय महत्त्वाचा. कोळशाची धूळ आत गेली की टर्बो, लायनर, रिंगा सगळं घासते. फिल्टर जमिनीवर आपटून झटकायचा नाही, कागद फाटते. हवा मारायचीच असली तर कमी प्रेशरनं आतून बाहेर मारा, आणि आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करायच्या भानगडीत पडू नका, नवीनच टाका.

रेडिएटरमध्ये बोरचं जड पाणी ओतू नका, आत क्षार बसते आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत गाडी गरम व्हायला वेळ लागत नाही. कूलंट ठेवा.

आता डीईएफ, म्हणजे धुराचं प्रदूषण कमी करायले सायलेन्सरच्या लाइनीत फवारलं जाते ते युरियाचं पाणी. बीएस सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाडीत ते ३२.५ टक्के युरियाचं असते हे ऐकून काही जण शेतातला युरिया घरीच पाण्यात घोळून टाकतात. असं बिलकुल करू नका! शेतातला युरिया नीमकोटेड असते, त्यात बाकीची अशुद्धता असते, पाणीही शुद्ध नसते, त्यानं फवारणारं नोझल आणि धूर साफ करणारं कॅटालिस्ट चोक होते आणि तो खर्च मालकाले झेपत नाही. मग गाडीची पॉवरही कमी होते, चढावर लोड ओढत नाही. डीईएफची कॅन टिनाच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नका, सावलीत ठेवा.

ब्रेकच्या हवेची टाकी रोज ड्रेन करा, म्हणजे खालून साचलेलं पाणी काढा. पाण्यासोबत ऑइल जास्त येऊन राहिलं तर कंप्रेसर पाहा. टाकी भरली की इंजिन बंद करून ब्रेक दाबून ठेवा, प्रेशरचा काटा पडत असला तर जॉइंटवर साबणाचा फेस लावा, लीक लगेच दिसते.

आणि बॉडी वर असताना प्रॉप (बॉडीले खालून द्यायचा लोखंडी टेकू) लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही, हायड्रॉलिकवर भरोसा ठेवून तर नाहीच नाही. स्प्रिंग ब्रेकचा चेंबर (पार्किंग ब्रेकची दाबलेली जाड स्प्रिंग असते तो डबा) गॅरेजमध्ये खोलू नका, आतली स्प्रिंग सुटली तर माणूस जाते, पूर्ण चेंबरच बदला.